स्पोर्टी हॅचबॅक आणि आपले रस्ते: पहिल्या वर्षाचे अनुभव

धागाकर्ता, केळापूर तालुका (यवतमाळ)

मागच्या दसऱ्याला मी स्पोर्टी म्हणवली जाणारी हॅचबॅक घेतली. आता पुन्हा दसरा तोंडावर आला आहे आणि मीटरवर १४,६०० किलोमीटर दिसत आहेत. आमचे घर पांढरकवड्यापासून २२ किलोमीटर आत आहे. घरी कापूस आणि तुरीची शेती, पांढरकवड्यात लहानसे कृषी केंद्र, त्यामुळे रोजची एक खेप ठरलेली असते. गाडी घेण्याआधी तिच्याविषयी जे वाचले आणि पाहिले ते बहुतेक पुण्या-बंगळूरच्या रस्त्यांवरचे होते. शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते, याची त्या मंडळींना उत्सुकता. मला मात्र एवढेच विचारायचे होते, की घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत जी दीड किलोमीटरची पांदण आहे, तिच्यात ही गाडी पोटावर बसेल की नाही. त्याचे उत्तर कुठे मिळाले नाही, म्हणून आपल्या भागातल्या लोकांसाठी हा धागा काढत आहे.

ज्यांच्याकडे टर्बो इंजिनाची किंवा तशा थाटाची हॅचबॅक नवी आहे, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. किती किलोमीटर झाले, रस्ता कोणता, घरचे किती जण बसतात, हे आवर्जून सांगावे. कोणती कंपनी भारी, यावरचे भांडण मात्र इथे नको; त्यासाठी पानठेला आहे.

सुरुवात मीच करतो. माझ्या गाडीचे इंजिन एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, टर्बो पेट्रोल असून ताकद १२० पीएस, म्हणजे साधारण १२० घोड्यांची आहे. गिअर हाताचे, सहा. गाडी दारात आली तेव्हा वडिलांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बंपर आणि जमीन यांच्यामध्ये वीत घालून पाहिली आणि म्हणाले, "पैसे म्हशीचे देल्ले अन् आणली बकरी." त्यानंतर पूजा झाली.

आधीची गाडी बाराशे सीसीची साधी पेट्रोल होती. कापसाच्या दिवसांत पुढे ट्रॉली आली, दोन्ही बाजूंनी फुगलेली आणि मागे एकही दिवा नसलेली, की मी आधी एसी बंद करायचो, मग तिसरा गिअर टाकायचो आणि समोरच्या ट्रकचे दिवे किती मोठे होत आहेत ते पाहत जीव मुठीत धरून निघायचो. नव्या गाडीत एसीला हात लागत नाही. तिसऱ्या गिअरात इंजिन दोन हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर असेल तर पाय दाबल्याबरोबर गाडी अशी निघते, की ट्रॉलीच्या उजव्या बाजूला जो वेळ घालवावा लागायचा तो निम्म्यावर आला आहे. आपल्या दुपदरी रस्त्यावर या गाडीचा खरा उपयोग मला हाच वाटतो. शंभरच्या वर मी वर्षभरात मोजून चार-पाच वेळा गेलो असेन. ओव्हरटेक मात्र रोजचे आहे.

दोन हजारांची अट मी मुद्दाम लिहिली आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारी पंख्यांची जोडी. तो जोर पुरेसा येईपर्यंत इंजिनाला जादा हवा मिळत नाही. अठराशेच्या खाली माझी गाडी आधीच्या गाडीपेक्षाही मठ्ठ आहे. गावात शिरताना तिसऱ्या गिअरात राहून, समोरची म्हैस बाजूला झाल्यावर पाय दाबला, तर ती नुसती कण्हते. दुसरा गिअर टाकावाच लागतो. ही सवय लागायला मला दीड महिना लागला.

आता दुःखाची गोष्ट. टायर आहे १९५/५५ आर १६. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. जुन्या गाडीचा टायर १६५/८० आर १४ होता. त्याची बाजू १३२ मिलिमीटर भरते. चाकाची लोखंडी कड आणि खड्डा यांच्यामध्ये असलेले रबर अडीच सेंटिमीटरने कमी झाले आहे, आणि हे मला शोरूममध्ये कळले नाही, ते ऑगस्टमध्ये एका रपट्यावर (नाल्यावरच्या बुटक्या पुलावर) कळले. पाणी उतरले होते, पण कडेचे सिमेंट तुटून जी धार तयार झाली होती ती चिखलाखाली दिसली नाही. आवाज भांडे पडल्यासारखा आला. फाट्यावर येऊन पाहिले तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. पंक्चरवाल्याने त्यावर अंगठा फिरवला आणि मान हलवली. बाजूच्या भिंतीतले धागे तुटले की त्याला ठिगळ नाही, टायर बदलणे हाच उपाय, हे त्याने सांगितले ते बरोबरच होते. साडेआठ हजार रुपये गेले. टायरचे वेगळे विमा कवच मिळते, ते मी नको म्हणून वगळले होते.

आपल्या काळ्या मातीचाही यात हात आहे. ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी कडेने लाटांसारखा होतो. जुनी गाडी त्या लाटांवर होडीसारखी डोलायची. नवी डोलत नाही, ती प्रत्येक लाट मोजून पाठीला सांगते. वळणावर हाच ताठपणा चांगला वाटतो, आणि आईला दवाखान्यात नेताना वाईट.

शिक्षिका, ब्रह्मपुरी तालुका (चंद्रपूर)

धागाकर्ते दादांनी टायरचा हिशेब मांडला, मी उन्हाचा मांडते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तर कोणी त्याचे आश्चर्य मानत नाही. माझी शाळा १९ किलोमीटरवर आहे आणि शाळेच्या आवारात एकच कडुनिंब आहे, त्याची सावली मुख्याध्यापकांच्या दुचाकीला लागते. मी लाल रंगाची, काळ्या छपराची गाडी घेतली. आतील सगळा साजही काळा, शिवणीला तेवढा लाल दोरा. शोरूममध्ये ते फार देखणे दिसते. मे महिन्यात साडेबाराला दार उघडल्यावर गिअरच्या दांड्यावरील धातूची टोपी हाताला चटका देते, म्हणून मी एक ओला दुपट्टा डब्याच्या पिशवीत ठेवते आणि आधी स्टिअरिंग, मग ती टोपी पुसून घेते. काळा रंग हौसेचा आहे, हे मान्य. पण कोणी आता विचारले तर मी पांढरीच घ्या म्हणेन.

गाडी दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरची आहे. चालत्या रस्त्यावर हा गिअर इतका चपळ आहे, की बदलल्याचे कळतही नाही. अडचण येते ती आठवडी बाजाराच्या दिवशी. भाजीची दुकाने रस्त्याच्या दोन्ही कडांना येतात आणि गाडी माणसाच्या चालीने, कधी त्याहून हळू, पाऊण तास सरकत राहते. माझ्या गाडीतील दोन्ही क्लच कोरडे आहेत, म्हणजे त्यांना गार ठेवायला तेल नाही. अर्धवट पकडीवर सरकताना ते घासत आणि तापत राहतात. मागच्या मेमध्ये एका बाजारच्या दिवशी समोर गिअर गरम झाल्याची सूचना आली आणि मी घाबरून गाडी बाजूला घेतली. सेवा केंद्रातील माणसाने फोनवर सांगितले, की ब्रेकवर पाय हलका ठेवून इंच-इंच सरकू नका. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून जा आणि पुन्हा पूर्ण थांबा. तेव्हापासून सूचना आली नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात, त्यांना वाजवू द्यावे.

टर्बो गाडी उन्हात जरा सुस्तावते, असेही मला जाणवते. तापलेली हवा विरळ असते, आणि टर्बो ती दाबून आणखी तापवतो. ती थंड करायला पुढे एक जाळी असते, पण बाहेरचीच हवा ४५ अंशांची असेल तर ती जाळी तरी काय करणार? सकाळी सातला जी गाडी उडी मारते ती दुपारी एकला चालत निघते. सरासरी हिवाळ्यात लिटरला साडेपंधरा, मेमध्ये एसी सतत चालू असल्याने साडेअकरा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्याचाही थोडा वाटा यात असावा.

संत्रा व्यापारी, परतवाडा (अमरावती)

माझे वय ५४ आहे, आणि या वयात अशी गाडी कशाला, हा प्रश्न घरात विचारून झालेला असल्याने इथे कोणी विचारू नये. या प्रकारच्या गाड्यांकडे मी बारा-तेरा वर्षे नुसता पाहत होतो. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, १०५ पीएसची, सात गिअरांची; ती आमच्याकडच्या एका डॉक्टरांकडे होती आणि तिचा दरवाजा लागल्याचा आवाज मला अजून आठवतो. २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो आली, तिची ताकद सुमारे १४५ पीएस. नंतर बलेनो आरएस २०१७ मध्ये, टियागो जेटीपी २०१८ मध्ये, आय२० एन लाइन २०२१ मध्ये आणि अल्ट्रोझ रेसर जून २०२४ मध्ये. यातल्या बऱ्याच गाड्या दोन-तीन वर्षांत गुपचूप बंद झाल्या, कारण आपल्याकडे हॅचबॅक म्हणजे स्वस्त गाडी, हा समज पक्का आहे. तेवढ्याच पैशात उंच गाडी मिळत असेल तर शंभरातले नव्वद जण उंच गाडी घेतात, आणि आपले रस्ते पाहता त्यांना चूक कसे म्हणावे?

इंजिने एवढी लहान का, असे मला पोराने विचारले होते. कारण कराचे आहे. गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन बाराशे सीसीच्या आत असेल तरच लहान गाडीचा कर लागतो. म्हणून ताकद वाढवायची तर सीसी वाढवता येत नाही, टर्बो लावावा लागतो. पुंटोचे इंजिन चौदाशे सीसीचे होते, तिला ही सवलत नव्हती.

आता माझा अनुभव, ११ महिने आणि ८,९०० किलोमीटरचा. परतवाड्यातून घटांगमार्गे चिखलदऱ्याला जाणे ही आमची जुनी सवय आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. तेवढ्या उंचीवर हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद साधारण तेवढीच घटते. माझी आधीची गाडी शेवटच्या चढाला चार माणसे घेऊन पहिल्या गिअरवर यायची आणि आम्ही सगळे नकळत पुढे वाकून बसायचो, जणू त्याने तिला मदत होणार होती. टर्बो हवा दाबून आत घालत असल्याने ही घट फारशी जाणवत नाही. नव्या गाडीने तोच चढ दुसऱ्या गिअरात, गप्पा मारत घेतला. वळणात गाडी कलत नाही, स्टिअरिंग जिथे दाखवावे तिथे पुढची चाके जातात, आणि मला कबूल केले पाहिजे की वर पोहोचल्यावर मी चहा न घेता पुन्हा अर्ध्या घाटापर्यंत खाली आलो आणि पुन्हा वर गेलो. मंडळी कट्ट्यावर बसून राहिली.

उतरताना सांभाळावे. एक लिटरचे इंजिन उतारावर गाडीला फारसे धरून ठेवत नाही. जुन्या डिझेल जीपच्या सवयीने तिसऱ्यात उतरू गेलो तर सगळा भार ब्रेकवर आला आणि खाली येईपर्यंत ब्रेकचा जळका वास सुटला होता. दुसऱ्या गिअरात उतरावे, आवाज झाला तरी चालेल. मेळघाटात रस्ता मोकळा दिसला तरी वेग आवरलाच पाहिजे. तो रस्ता आपल्याआधी तिथल्या जनावरांचा आहे.

कारंजा लाड (वाशीम)

समृद्धी महामार्गावरचा अनुभव कोणी लिहिला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. कारंज्याहून नागपूरला महिन्यातून तीनदा जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, पण आमचा भाग डिसेंबर २०२२ मध्येच सुरू झाला होता. कारला वेगमर्यादा १२० आहे. सहाव्या गिअरात शंभर-एकशेपाचला गाडी स्थिर राहते, एवढ्या लहान गाडीकडून ही अपेक्षा नव्हती, आणि सरासरी १८ पर्यंत मिळते. १२० ला धरली तर तीच १५ वर येते. गंमत म्हणजे स्पोर्टी गाडीला हा रस्ता सर्वांत कंटाळवाणा आहे. वळण नाही, ओव्हरटेकला कौशल्य नाही, डोळ्यांवर झापड येते. मी दर ५० मिनिटांनी थांबतो.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. उन्हाळ्यात काँक्रीटवर टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवा, असे मला तीन जणांनी सांगितले, त्यातला एक हवा भरणाराच होता. हे उलटे आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्याची बाजू सतत वाकत राहते आणि त्या वाकण्यानेच तो आतून तापतो. वेगात फुटतो तो बहुधा असा तापलेला टायर. दर पाच-सहा अंश तापमानामागे हवेचा दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, हे कंपनीने धरलेलेच असते. दाराच्या खांबावरच्या कागदावर जो आकडा आहे तो सकाळी, गाडी थंड असताना भरावा आणि वाटेत तापलेल्या टायरातून हवा काढू नये. मी तीनशे रुपयांचा दाबमापक घेऊन ठेवला आहे. पंपावरच्या यंत्रात आणि त्यात चार पीएसआयचा फरक निघाला.

मूर्तिजापूर ते अमरावती या रस्त्याचेही कौतुक करतो. त्याच मार्गावरचा ७५ किलोमीटरचा एका पदराचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये सुमारे १०५ तासांत टाकून विक्रम केला होता. ताठ गाडीला असा रस्ता मिळाला की तिचा स्वभाव बदलतो.

साकोली परिसर (भंडारा)

आमच्याकडे धानाचा प्रदेश, म्हणजे तणसाचे ढीग आणि ढिगाखाली उंदीर. गाडी चार महिन्यांची असताना एका सकाळी सुरू केली तर इंजिन खोकत होते आणि पिवळा दिवा पेटला होता. झाकण उघडले तर बॅटरीच्या बाजूला तणसाचे व्यवस्थित घरटे, आणि एका वायरचे नुसते तांबे उरलेले. जवळचे सेवा केंद्र ५० किलोमीटरवर. त्यांनी गाडी नेली आणि वायरचा जुडगा मागवायला २३ दिवस लावले. त्या काळात रोज फोन केला तर रोज वेगळा माणूस बोलायचा आणि प्रत्येक जण गाडीचा नंबर पुन्हा विचारायचा. विम्याचे पैसे मिळाले, पण मी जिथे गाडी ठेवायचो तो कोठा आणि तणसाचा ढीग यांच्यात आता वीस पावलांचे अंतर ठेवले आहे. रात्री इंजिनाचे झाकण उघडे ठेवले तरी उंदीर उजेडामुळे कमी येतात, असे शेजारचे काका सांगतात. मी ते करतो. मांजरही पाळली आहे.

दुसरे सोयाबीन आणि धानाच्या मळणीच्या दिवसांचे. लोक पीक रस्त्यावर पसरतात, गाड्यांनी ते मळून निघावे म्हणून. ट्रक त्यावरून आरामात जातो. आपल्या गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम १६५-१७० मिलिमीटर, तेही रिकामी असताना. पाच माणसे बसली की आणखी खाली. लांब काड्या खाली अडकून गरम सायलेन्सरला गुंडाळल्या जातात आणि पेट घेऊ शकतात. मला धुराचा वास आला, थांबून पाहिले तर काड्या काळ्या पडायला लागल्या होत्या. बाटलीतले पाणी ओतले आणि काठीने ओढून काढल्या. तेव्हापासून रस्त्यावर कुटार दिसले की मी खाली उतरून काकांना विनंती करतो. ते पायाने एका चाकापुरती वाट करून देतात.

हिंगणघाट (वर्धा)

वडील एसटीत २९ वर्षे चालक होते. गाडी घेतल्यापासून ते माझ्या शेजारी बसतात आणि काही बोलत नाहीत, फक्त त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला जातो. मी वेग वाढवला की पाय दाबला जातो, कमी केला की सैल होतो. सुरुवातीला मला राग यायचा.

जानेवारीत जांबहून रात्री साडेनऊला परतताना उजवीकडच्या तुरीतून रोही (नीलगाय) आला. एकटा, मोठा नर, सरळ दिव्यांच्या उजेडात. मी ब्रेक मारला तेव्हा वेग ऐंशीच्या आसपास होता. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. पायाखाली एबीएसची (चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर लागली, गाडी रेषेत राहिली आणि रोह्याच्या मागच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबली. तो गेला. वडिलांचा पाय अजून दाबलेलाच होता. मग ते म्हणाले, "एक गेला म्हंजे मागून अजून येते. थांब." आम्ही दिवे बारीक करून थांबलो, आणि खरोखरच मागून तीन माद्या आल्या, एकामागे एक, घाई न करता.

जाहिरातीत ताकदीचा आकडा मोठा लिहितात आणि ब्रेकचा उल्लेख शेवटी असतो. माझ्या मते आपल्याकडे गाडी पाहायला गेल्यावर मागच्या चाकांना डिस्क आहे की ड्रम, हे आधी विचारावे. रात्री मात्र मी आता साठच्या वर जात नाही, आणि ते ब्रेकवर विश्वास नाही म्हणून नाही.

मेहकर (बुलढाणा)

सगळे चांगले लिहीत आहेत, मी थोडे वेगळे लिहितो. मला ही गाडी घेतल्याचा पश्चात्ताप आहे असे नाही, पण दुसऱ्यांदा घेणार नाही. एक तर मी ती २०२५ च्या ऑगस्टअखेरीस घेतली आणि २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा कर अधिभारासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तीन-चार आठवडे थांबलो असतो तर जवळजवळ लाखभर वाचले असते. तो सल अजून आहे, आणि त्यात गाडीचा काही दोष नाही.

पण घरात आम्ही सहा जण आहोत. आजीचे गुडघे दुखतात. उंच गाडीत ती खुर्चीवर बसल्यासारखी बसते. या गाडीत तिला आधी खाली जावे लागते, मग आत आणि उतरताना दोघांनी हात धरून वर ओढावे लागते. सैलानीच्या यात्रेला गेलो तेव्हा तिने उतरून गाडीकडे पाहिले आणि म्हणाली, "हे त विहिरीतून निघाल्यावानी होते बाप्पा." त्यानंतर ती एसटीनेच जाते. माझ्या धाकट्या भावाकडे साधी स्विफ्ट आहे, नव्या तीन सिलिंडर इंजिनाची, ८२ पीएसची. ती लिटरला २१ देते, तिचे टायर माझ्यापेक्षा हजार-दीड हजाराने स्वस्त आहेत आणि मेहकर-चिखली रस्त्यावर तो माझ्यामागे चार मिनिटांनी पोहोचतो. ती चार मिनिटे मला फार आवडतात, हे खोटे नाही. पण त्यांची किंमत मी दर महिन्याला हप्त्यात भरतो.

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. आपण पांदणीच्या प्रश्नावरून धागा काढला, रपट्याचे सांगितले, टायरचे सांगितले. पांदणीचे काय झाले ते लिहिलेच नाही.

धागाकर्ता

लिहायचे टाळत होतो, पण आता विचारलेच आहे तर सांगतो.

मृगापासून पोळ्यापर्यंत गाडी घरी येत नाही. फाट्यावर एका नातेवाइकाच्या कोठ्यात ती उभी असते आणि तिथून घरापर्यंत मी पायी किंवा ट्रॅक्टरवर येतो. हे ठरले ते पहिल्या पावसाच्या फसगतीनंतर. जूनमध्ये दोन दिवस उघाड पडली, वरची माती सुकल्यासारखी दिसली, म्हणून गाडी पांदणीत घातली. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल झालेल्या होत्या आणि मधला उंचवटा तसाच होता. अर्ध्या वाटेवर चाकोरीने चाके खाली घेतली आणि गाडीचे पोट त्या उंचवट्यावर टेकले. पाय दाबला तर पुढची दोन्ही चाके जागेवर फिरत राहिली आणि काळा चिखल दारांपर्यंत उडाला. पुढे-मागे करून पाहिले, चाकांखाली पऱ्हाट्या घातल्या. गाडी आणखी बसली.

ट्रॅक्टर त्या दिवशी दुरुस्तीला गेला होता. शेवटी वडील बैलजोडी घेऊन आले. मी डिकीतून ओढायचा हूक काढला, बंपरवरचे चौकोनी झाकण नखाने उघडले आणि हूक आत पिळून बसवला. वडिलांनी जाड दोर त्यात ओवून जूला बांधला. मला आत बसवले, गिअर न्यूट्रलला ठेवायला सांगितले आणि इंजिन बंद करायला लावले. बैलांनी एकदा मान खाली घातली, पाय रोवले, आणि चिखलातून बूट निघावा तसा आवाज होऊन गाडी सुटली. डांबरी रस्त्यापर्यंत त्यांनी ती तशीच ओढत नेली. वाटेत वडिलांनी मागे वळून विचारले, "कितीक घोड्याचं म्हणत होता बे तू हे?"

मी एकशेवीस सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी बैलांना सरकीची ढेप रोजच्यापेक्षा दोन पायल्या जास्त पडली.